नव्या घरात साप जेवत नाही तेव्हा

धारवाडचा पावसाळा माणसाला फार मानवतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरचं हे गाव. पश्चिमेला मलनाडाची झाडी सुरू होते, पूर्वेला काळ्या मातीचं सपाट रान. जुलै-ऑगस्टमध्ये सुभाष रोडवर तासन् तास बारीक पाऊस झरत राहतो. दिवसाचं तापमान २६-२७ अंश सेल्सिअसच्या पुढे फारसं जात नाही, रात्री ते २०-२१ पर्यंत उतरतं. घरात पंखा लावायची गरज पडत नाही. अशा दिवसांत या रस्त्याच्या मागच्या एखाद्या जुन्या घरात, वरच्या मजल्यावर, एका तरुणाने रीतसर कागदपत्रं करून बॉल पायथन आणला आहे असं समजू. हा पश्चिम आफ्रिकेतला लहान अजगर. घाना, टोगो, बेनिन या देशांच्या गवताळ रानात उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत तो राहतो. पूर्ण वाढला तरी सव्वा-दीड मीटरचा. स्वभावाने भित्रा, घाबरला की डोकं आत घेऊन घट्ट गुंडाळी करतो. मुलाने त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, घरच्यांनी, मित्रांनी आळीपाळीने हातात घेऊन पाहिलं, आणि त्याच संध्याकाळी त्याच्यापुढे एक उंदीर सोडला. सापाने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उंदीर, पुन्हा नकार. आठवडाभराने त्याने एकदाचा गिळला, तर चौथ्या दिवशी तोच उंदीर अर्धवट सडलेला, उग्र वास मारणारा, पेटीच्या कोपऱ्यात पडलेला.

साप पाळणाऱ्यांची याहून नेहमीची तक्रार दुसरी नसेल. घरातले सगळे धास्तावतात, सापाला काहीतरी रोग आहे असं धरून चालतात, आणि कुणीतरी चिमट्याने तोंड उघडून भरवायचा सल्ला देतं. बहुतेक वेळा सापाला रोग नसतो. त्याला मिळालेली खोली थंड असते, उघडी असते आणि माणसांनी भरलेली असते. नव्या सापाला जेवण द्यायची घाई करू नका, आधी ऊब आणि एकांत द्या, असं मी जे आग्रहाने सांगतो त्यामागे सापाच्या पोटाचं सगळं शास्त्र आहे.

आपलं पोट कायम तयार असतं. दोन जेवणांच्या मधल्या वेळातही जठरात आम्ल असतं, आतडी जागी असतात, आणि शरीर ३७ अंशांवर असल्याने पाचकरसांना हवी ती उष्णता आतूनच मिळते. अजगराच्या जातीतले साप याच्या अगदी उलट वागतात. जेवण महिन्या-दोन महिन्यांनी एकदा मिळणार असेल तर एवढी यंत्रणा चालू ठेवणं त्यांना परवडत नाही. म्हणून एक जेवण पचलं की ते पोट जवळजवळ बंद करून टाकतात. स्टीफन सिकोर आणि जॅरेड डायमंड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात ब्रह्मदेशी अजगरांवर केलेल्या कामातून हे उलगडलं. उपाशी अजगराच्या जठरात आम्ल जवळपास नसतंच, सामू सातच्या आसपास असतो. भक्ष्य आत गेलं की एक-दोन दिवसांत तो दोनपर्यंत खाली येतो, म्हणजे जठर हाडं विरघळवण्याइतकं आम्लधर्मी होतं. लहान आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं. शरीराचा ऊर्जेचा खर्च, भक्ष्य फार मोठं असेल तर, ४० पटींवर जातो. हृदयही वाढतं, २०११ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या लेस्ली लाइनवांड यांच्या गटाने दाखवून दिलं की जेवलेल्या अजगराच्या रक्तातली तीन मेदाम्लं एकत्र येऊन ही वाढ घडवतात. आणि हा सगळा खर्च सापाला उंदरातून काही मिळण्याआधी करावा लागतो, स्वतःच्या साठ्यातून.

आता यात तापमान घाला. साप स्वतःची उष्णता फारशी निर्माण करत नाही. बाहेर जेवढी असेल तेवढीच आत. आम्ल तयार होणं, पाचकरस काम करणं, आतडं वाढणं या सगळ्या रासायनिक क्रिया उष्णतेच्या गतीने चालतात. अजगर ३० अंशांवर जे जेवण पाच-सहा दिवसांत जिरवतो, तेच २१ अंशांवर रेंगाळत राहतं. उंदराच्या पोटातले जिवाणू मात्र तेवढ्या वेळात वाढत जातात. जठरातलं आम्ल आणि उंदराच्या आतड्यातले जिवाणू यांची ही शर्यत असते, आणि थंड पोटात जिवाणू जिंकतात. भक्ष्य आतून कुजतं, फुगतं, विषारी होतं. अशा वेळी साप ते बाहेर टाकतो तेव्हा तो स्वतःचा जीव वाचवत असतो. आपल्या गोष्टीतल्या सापाने चौथ्या दिवशी उंदीर ओकला त्याचं कारण त्या खोलीतली २१ अंशांची रात्र होती. धारवाडच्या जानेवारीत तर रात्री १५ अंशांच्या आसपास जातात. तेव्हा हीच चूक आणखी महाग पडते.

म्हणून पहिली खरेदी उंदरांची नको, थर्मोस्टॅटची हवी. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५-२६ अंश ठेवायची, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. जेवलेला साप उबेकडे जातो आणि तिथेच पडून राहतो; त्याला तिथून हलवू नये. पेटीखाली लावायची हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय कधीही वापरू नये, कारण सापाला पोटाखालच्या चटक्याची जाणीव उशिरा होते आणि कातडी भाजेपर्यंत तो तिथेच बसून राहतो. तापमान मोजायचं ते साप जिथे प्रत्यक्ष बसतो तिथे, जमिनीलगत, प्रोबच्या थर्मामीटरने. काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेली पट्टी हवेचं तापमान सांगते, सापाच्या पोटाचं नाही. फार गरम झालं तरी पचन बिघडतं. पावसाळ्यात वीज गेली तर पेटीवर घोंगडी किंवा जाड चादर टाकून ऊब धरून ठेवावी, आणि नुकतंच जेवण दिलेलं असेल तर अधिक काळजी घ्यावी.

उबेइतकाच महत्त्वाचा आडोसा. बॉल पायथनचं रानातलं आयुष्य बहुतांशी बिळात जातं. अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकलेलं असणं ही त्याच्यासाठी सुरक्षिततेची खूण. काचेच्या उघड्या पेटीत, ट्यूबलाइटखाली, समोरून माणसं जात-येत असताना त्याला सतत वाटतं की आपण कुणाच्या तरी नजरेत आहोत. गिळताना साप पूर्ण असहाय असतो. तोंड भरलेलं, दात अडकलेले, पळता येत नाही. धोका जाणवत असताना तो ही स्थिती ओढवून घेत नाही. तेव्हा उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक असे दोन आडोसे द्यावेत. फुटक्या कुंडीचा अर्धा भाग किंवा तोंड कापलेला प्लास्टिकचा डबाही चालतो, फक्त तो ऐसपैस नको, अंगाला घट्ट बसणारा हवा. पेटीच्या तीन बाजू कागदाने झाकाव्यात. स्वच्छ पाण्याचं जड भांडं ठेवावं. आणि मग पाहुण्यांना सांगावं की आठवडाभर तरी सापाला कुणी हात लावणार नाही. हौसेने आणलेल्या प्राण्याला हात न लावणं अवघड असतं हे मला कळतं, पण त्याच्या पहिल्या जेवणासाठी तुम्हाला करता येण्यासारखं सर्वांत मोठं काम हेच आहे.

आठवड्यानंतर पहिलं जेवण. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी, पहिल्या वेळेला त्याहून थोडी कमीच. जिवंत उंदीर सोडू नये. साप भुकेला नसेल तर उंदीरच त्याला कुरतडतो, आणि पाठीचं मांस खाल्लेले साप पशुवैद्यांकडे येतात ते याच कारणाने. गोठवलेला उंदीर फ्रिजमध्ये सावकाश विरघळवून मग गरम पाण्यात पिशवीसकट ठेवून ३८-४० अंशांपर्यंत कोमट करावा. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खळग्यांची रांग असते. अंधारात तो उबेच्या आकाराने भक्ष्य ओळखतो. गार उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नसतो. संध्याकाळी दिवे मंद करून लांब चिमट्याने उंदीर आडोशाच्या तोंडाशी धरावा. नाही घेतला तर रात्रभर तिथेच ठेवून सकाळी काढून टाकावा आणि पुढचे सात-दहा दिवस विषयच काढू नये. रोज रोज उंदीर पुढे करणं म्हणजे रोज त्याला नव्याने घाबरवणं.

सगळं नीट असूनही नकार येतो, हे पाळणाऱ्याने आधीच ठाऊक करून घेतलेलं बरं. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात, त्याला अंधुक दिसतं. त्या दिवसांत तो बहुधा खात नाही. वाढलेले नर विणीच्या हंगामात, थंडीच्या सुमाराला, अन्न सोडतात. अंडी पोटात असलेली मादीही खात नाही. चांगल्या अंगाचा मोठा बॉल पायथन काही महिने उपाशी राहून ठणठणीत असल्याची उदाहरणं कितीतरी आहेत. इथे कॅलेंडरपेक्षा वजनकाटा खरं सांगतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. एका झाकणाच्या डब्यात साप ठेवून दर पंधरा दिवसांनी वजन लिहून ठेवावं. मोठ्या सापाचं वजन दोन महिन्यांत नावापुरतं उतरलं तर धीर धरावा. दहा टक्क्यांहून अधिक घसरलं, पाठीचा कणा धारदार दिसू लागला, तर पशुवैद्य गाठावा. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र इतकी सवलत नसते, त्याचा साठा थोडा असतो.

नकाराचं आणखी एक कारण साधं आहे आणि फार कमी लोक ते विचारतात: हा साप आजवर काय खात होता? सापांच्या आवडीनिवडी आपल्याकडच्या जातींवरूनही कळतात. दिवड मासे आणि बेडूक खातो, नानेटी बेडूक, कवड्या घरातल्या पाली, मण्यार दुसरे साप, तर गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या. भारतीय अंडीखाऊ साप तर पक्ष्यांच्या अंड्यांशिवाय कशाला तोंड लावत नाही. कित्येक दशकं ज्याचा ठावठिकाणा नव्हता असा हा साप २००३ साली आपल्या वर्ध्यात पुन्हा सापडला. नागराजाचं मुख्य अन्न साप, म्हणून काही प्राणिसंग्रहालयांत त्याला उंदराकडे वळवायला उंदराला सापाचा वास लावून देतात. बॉल पायथनच्या बाबतीत वासाचा हाच नियम लहान प्रमाणात लागू होतो. पांढऱ्या उंदरांवर वाढलेल्या सापाला घुशीचं पिल्लू अनोळखी वाटतं. विकणाऱ्याकडून साप घेतानाच शेवटचं जेवण कधी झालं, कशाचं, जिवंत की गोठवलेलं, किती मोठं, हे लिहून घ्यावं. ज्या सापाला विकणाऱ्यासमोर एकदाही जेवताना पाहिलेलं नाही तो घेऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन.

इथे कायद्याचं बोलायला हवं, कारण सापाच्या पोटाचे निम्मे हाल बेकायदा पाळण्यातून सुरू होतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी साप घरी पाळायला मनाई आहे. नाग, धामण, अजगर, मांडूळ, कुणीही. परदेशी जातींपैकी ज्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या याद्यांत आहेत त्या, बॉल पायथनसकट, २०२२च्या दुरुस्तीने कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागू झाली आणि २०२४च्या नियमांनुसार त्यांची नोंद परिवेश या सरकारी पोर्टलवर करावी लागते. कागद नसलेला साप बहुतेकदा चोरवाटेने आलेला असतो: पिशवीत, अंधारात, पाण्याविना, कित्येक दिवस प्रवास केलेला. तो कोरडा पडलेला, किड्या-जंतांनी भरलेला असतो, आणि त्याचं न जेवणं हा त्या प्रवासाचा हिशेब असतो. मांडुळाची गत याहून वाईट. धन मिळवून देतो या समजुतीने पकडून, वजनावर भाव ठरवून, त्याला महिनोन् महिने पोत्यात डांबतात. देशी साप जवळून पाहायचे असतील तर पुण्याला कात्रजचं सर्पोद्यान आहे.

आणि दूध. धारवाडला नागपंचमी मोठी. घरोघर शेंगदाण्याचे, तिळाचे, बेसनाचे लाडू वळतात, झाडांना झोके बांधतात, दगडी किंवा मातीच्या नागाला दूध वाहतात. दगडाला वाहिलेल्या दुधाने कुणाचं काही बिघडत नाही. प्रश्न टोपलीतल्या जिवंत नागाचा. गारुडी पंचमीच्या आधी कित्येक दिवस नागाला पाणी मिळू देत नाहीत. दात उपटलेले, कधी तोंड शिवलेलं. तहानेने कोरडा पडलेला साप समोर येईल तो द्रव पितो, मग ते दूध असो. आई पिल्लाला दूध पाजते ती रीत सस्तन प्राण्यांची. सापाच्या अन्नात दूध कधीच नव्हतं, दुधातली साखर पचवायची सोय त्याच्या आतड्यात नाही. जुलाब होतात, उरलंसुरलं पाणीही जातं. त्याहून घातक म्हणजे सापाची श्वासनळी तोंडाच्या तळाशी, पुढेच उघडते. जबरदस्तीने ओतलेलं दूध सरळ फुप्फुसात जातं, आणि नागाचं काम करणारं फुप्फुस एकच असतं. न्यूमोनियाने तो पुढच्या काही आठवड्यांत मरतो, तेव्हा पूजा करणारं कुणीच तिथे नसतं. सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा जिवंत नागांच्या पंचमीसाठी शतकानुशतकं ओळखलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तिथे नाग पकडून मिरवायला बंदी आली. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो, आणि तो सापाच्या शरीररचनेवरूनच योग्य ठरतो.

सर्पमित्रांना तर ओकणारा साप नवा नाही. कोंबडीच्या खुराड्यातून पकडलेला नाग एकामागून एक अंडी बाहेर टाकतो, धामण बेडूक किंवा उंदीर ओकते. हे थंडीमुळे होत नाही. भरलेल्या पोटाने पळता येत नाही, म्हणून जिवावर बेतलं की साप वजन उतरवतो. पाळलेल्या सापातही तीच प्रतिक्रिया शिल्लक असते. जेवणानंतर दोन-तीन दिवसांच्या आत त्याला उचललं तर त्याच्या लेखी तो हल्लाच. पकडलेल्या रानटी सापाला 'दमलाय, काहीतरी खाऊ घालू' म्हणून भरवायला जाऊ नये. वनखात्याला कळवून त्याला लवकरात लवकर त्याच परिसरात सोडून द्यावं, तो आपलं आपण पाहून घेतो.

घरच्या सापाने ओकलं तर मात्र काही गोष्टी क्रमाने कराव्या लागतात. हातमोजे घालून भक्ष्य उचलावं, पेटी धुवावी, हात साबणाने स्वच्छ करावेत. सापांच्या आतड्यात साल्मोनेला असतो आणि लहान मुलांना त्याचा त्रास होतो. मग तापमान पुन्हा मोजावं. पाणी भरपूर ठेवावं. आणि दहा ते चौदा दिवस काहीही खायला देऊ नये. ओकताना अन्ननलिका आम्लाने पोळलेली असते, शरीरातलं पाणी आणि क्षार गेलेले असतात. लगेच दुसरा उंदीर दिला की तोही परत येतो, आणि दोन-तीन वेळा असं झालं की धडधाकट सापही खंगतो. विश्रांतीनंतरचं पहिलं जेवण नेहमीच्या निम्म्या आकाराचं. ते राहिलं तर पुढचं किंचित मोठं. फार दिवस उपाशी राहून वाळलेल्या सापालाही हाच नियम: आधी पाणी, मग अगदी लहान घास. उपासमारीनंतर एकदम मोठं जेवण दिलं तर रक्तातले क्षार कोसळून साप दगावू शकतो.

ऊब, आडोसा, आकार सगळं बरोबर असताना लागोपाठ दोनदा ओकलं, तर मग रोगाचा विचार करायचा. क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी जठराची भिंत जाड करतो. सापाच्या अंगाच्या मध्यावर फुगवटा दिसतो आणि जेवणानंतर तीन-चार दिवसांनी भक्ष्य परत येतं. यावर खात्रीचा इलाज नाही, आणि हा परजीवी एका सापाकडून दुसऱ्याकडे जातो. बोआ आणि अजगरांमध्ये ओकण्याबरोबर मान आकाशाकडे वळवून तसंच राहण्याचा एक विकार दिसतो. त्याच्या मुळाशी अरेनाव्हायरस कुळातले विषाणू असावेत याचे पुरावे २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी दिले. रानातून आलेल्या सापांत जंत आणि अमीबा नेहमीचे. म्हणून घरात आधीचा साप असेल तर नवा दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्या-भांड्यांसह ठेवावा. पशुवैद्याकडे जाताना ताजी विष्ठा डबीत न्यावी. तिच्या तपासणीवरून जेवढं कळतं तेवढं सापाकडे नुसतं पाहून कळत नाही. तोंडातून फेस, श्वासाला घरघर, हिरड्यांवर पिवळा थर दिसला तर थांबू नये. नळीने किंवा चिमट्याने भरवणं हे काम फक्त पशुवैद्याचं. घरी तोंड उघडायच्या प्रयत्नात जबडे निखळतात, घसा फाटतो.

जेवतो पण शी करत नाही, ही तक्रार बहुधा कोरडेपणाची असते. साप लघवी पाण्यासारखी करत नाही. युरिक आम्लाचे पांढरे, खडूसारखे गोळे विष्ठेबरोबर पडतात. पाणी कमी पडलं की हे गोळे कडक होऊन अडकतात. धारवाडच्या पावसाळ्यात हवा दमट असते, पण पेटीतली हीट मॅट आतली हवा सुकवून टाकते, हे लक्षात येत नाही. पोट भिजेल इतक्याच कोमट पाण्यात, झाकण असलेल्या टबात, वीसेक मिनिटं ठेवलं की पुष्कळदा काम होतं. पोटावर दाब देऊन काही बाहेर काढायला जाऊ नये. पेटीत बारीक वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकला असेल तर तो काढून वर्तमानपत्र अंथरावं. गिळताना भुसा पोटात जातो, आणि कागदावर पडलेलं काय आणि कसं आहे ते नीट दिसतं.

पहिला उंदीर सापाने घेतला की पुढचे तीन दिवस पेटी उघडायची ती फक्त पाणी बदलायला. फुगवटा हळूहळू मागे सरकत जातो, पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत जवळजवळ दिसेनासा होतो. कधी आठवड्याने, कधी दोन-तीन आठवड्यांनी तपकिरी विष्ठा, पांढरा गोळा आणि तिच्यात न पचलेले उंदराचे केस कागदावर दिसतात. केस पचवणं सापाला जमत नाही. ती तारीख वजनाच्या वहीत लिहावी आणि मगच दुसऱ्या जेवणाचा विचार करावा.